गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ : मूळ लेख आणि छापील ग्रंथ

सत्तावनच्या धामधुमीचा मराठींतील प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाची महती वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु या एका नांवाखालीं दोन पाठ प्रचारांत आहेत, आणि ते एकच समजून उतारे देण्याचा प्रघात आहे. त्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

ग्रंथकार पेणजवळील वरसईचे भिक्षुक. घरीं कर्ज फार. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता आली. तेव्हां दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं ते काका रामभट यांजसह उत्तरेकडे निघाले, तों वाटेंतच बंडाची गांठ पडली. १८५८ च्या वसंतांत झांशीस वेढा पडला, तेव्हां ते शहरांत होते. पुढें सुमारें पंचवीस वर्षांनीं चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ही हकीकत मोडींत लिहून काढली. लेखक म्हणून त्यांची सारी कीर्ति या एका बाडावर उभी आहे.

वैद्यांनीं तें बाड १९०७ सालीं, ग्रंथकाराच्या पश्चात्, छापिलें. पण जसेंच्या तसें नव्हे. भाषा सफाईदार केली, मजकुराची मांडणी बदलली, शिष्ट अभिरुचीस न रुचणारा भाग गाळला. मूळ पाठ दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्रानें भटजींची हकीकत वैद्यांच्या वाणींतून ऐकिली.

यांत वैद्यांस दोष देऊन मोकळें होतां येणार नाहीं. त्यांनीं आग्रह धरिला नसता तर ही हकीकत वरसईच्या घरींच विरून गेली असती. शिवाय मूळ बाड त्यांनीं नष्ट केलें नाहीं. तें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळांत सुरक्षित राहिलें. संपादकाच्या सर्व अपराधांचें क्षालन करणारें असें हें एक पुण्य होय.

पोलंड देशांत हेंच घडलें, पण तेथें हें पुण्य कोणाच्या पदरीं नव्हतें. यान पोतोत्स्की (१७६१–१८१५) यानें फ्रेंचांत लिहिलेली सारागोसाच्या हस्तलिखिताची कादंबरी एडमंड होयेत्स्की या ग्रंथकारानें १८४७ सालीं पोलिश भाषेंत उतरविली. त्यानें वापरलेलें मूळ हरवलें, आणि हें भाषांतरच दीर्घकाळ आधारभूत ठरलें. पुढें पोझनान येथें सांपडलेल्या कागदांवरून कळलें कीं, ग्रंथकाराचे १८०४ व १८१० असे दोन भिन्न पाठ होते, आणि होयेत्स्कीनें त्यांची मिसळ केली होती.

भटजींच्या लेखाची पारख करतांना तीन थर वेगळे केले पाहिजेत : झांशींतील कत्तल व लूट यांसारखें डोळ्यांनीं पाहिलेलें; दरबारांतलें व छावण्यांतलें कानीं आलेलें; आणि पंचवीस वर्षांत स्मृतीनें घडविलेलें. पहिल्यास साक्षीचें मोल आहे. दुसरें लोकवार्तेचा पुरावा म्हणून अमोल, घटनेचा म्हणून दुबळें. तिसरें ताडून पाहिल्याविना घेऊं नये. १९०७ ची प्रत हातीं धरणारा यांवर संपादकाचा चौथा थर चढवितो. सबब शब्दावर भर देऊन जो कांहीं सिद्ध करूं पाहील, त्यानें १९६६ चा पाठच प्रमाण मानावा.

संग्राहकांसही यांत बोध आहे. वरसईस जें निघालें, तें कोणत्याही सरदाराच्या दप्तरांतलें नव्हे. साष्टींतील खारदांड्यासारख्या किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांतूनही घरोघरच्या पेट्या उघडून पाहाव्या. आणि कांहीं हातीं लागल्यास शुद्ध करण्यापूर्वीं त्याची अक्षरशः नक्कल करून ठेवावी.