ऐकणारा एकच

नरसीच्या नामदेवांची 61 पदं श्री गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला तेव्हा पदं रागांनुसार लावली गेली, आणि नामदेवांचं एक आठ ओळींचं पद तिलंग रागात आलं. कयाधूकाठच्या या गावी दर्शनाला येणाऱ्या शीख यात्रेकरूंना ते परकं नाही. आपण मराठी वाचक मात्र गाथेतल्या अभंगांपाशीच थांबतो आणि एका अपूर्व रचनेला मुकतो. हे पद देवाला अल्लाह म्हणूनही हाक मारतं, आणि इस्लामच्या शिकवणीत ‘इख्लास’ला, म्हणजे फक्त ईश्वरासाठी असलेल्या निर्भेळ श्रद्धेला, फार मोठं स्थान आहे. तिच्या उलट टोकाला ‘रिया’: लोकांनी पाहावी म्हणून केलेली भक्ती. या छोट्या पदात त्या दिखाव्याला शिरायला कुठे फटच ठेवलेली नाही. ही किमया कवीनं कशी साधली, ते ओळीओळीनं पाहू.

ध्रुवपदात कवी स्वतःची ओळख करून देतो ती आंधळा म्हणून, आणि देवाचं नाव म्हणजे त्याच्या हातातली काठी. मग तो म्हणतो, मी गरीब, मी मिसकीन, म्हणजे दीन. आपल्या व्रतांचा, वारीचा, जपाचा उल्लेखही नाही. काठी मागणारा माणूस भक्तीचा हिशेब मांडत बसत नाही. ‘मिसकीन’ या निवडीची खोली कळायला कुराणातली 107वी सूरा, म्हणजे अध्याय, ‘अल्-माऊन’ आठवावी. अवघ्या सात आयतींच्या, म्हणजे वचनांच्या, या सूरेत ताकीद आहे ती नमाज पढणाऱ्यांनाच: नमाजेचं भान नसलेल्यांना, ती लोकांना दिसावी म्हणून पढणाऱ्यांना, आणि शेजाऱ्याला वापरायची साधी वस्तूही नाकारणाऱ्यांना. त्याच सूरेच्या आरंभी अनाथाला हाकलणारा आणि मिसकिनाला जेवू घालण्याची आस्था नसलेला माणूस येतो. दांभिकाला दारातला मिसकीन दिसत नाही. नामदेव थेट त्याच मिसकिनाच्या जागी जाऊन उभे राहतात. एका शब्दात अहंकाराची वाट बंद करणं ही मोठ्या कवीचीच करणी.

पुढच्या कडव्यात हाका येतात: करीम, रहीम, अल्लाह, गनी. उदार, दयाळू, मग खुद्द नाव, आणि शेवटी ज्याला कशाचीच गरज नाही असा. क्रम लक्षात घ्या. आधीची दोन नावं मागणाऱ्याला धीर देतात. चौथं त्याला भानावर आणतं. जो गनी आहे त्याला आपल्या प्रार्थनेची गरज नाही, स्तुतीनं तो मोठा होत नाही, प्रदर्शनानं भुलत नाही. कुराणातही माणसाला ईश्वरापुढे गरीब आणि ईश्वराला गनी म्हटलं आहे. ती जोडी नामदेवांनी वेगळी करून दोन ठिकाणी ठेवली: ध्रुवपदात मिसकीन, कडव्यात गनी. ध्रुवपद फिरून फिरून येतं, त्यामुळे गाताना ती दोन टोकं पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. अर्थ सांगण्याचं काम असं गाण्याच्या घडणीवर सोपवणं, याला म्हणतात रचनेवरची हुकमत.

दुसऱ्या कडव्यात देव दर्या होतो, दाता होतो, अपार धनी होतो. या दोन ओळींत ‘तू’ चार वेळा येतो आणि ‘मी’ एकदाही येत नाही. ध्रुवपदात तीनदा ‘मी’ म्हणणारा इथे पार मागे सरला आहे. मग येतं पदाचं मर्म: देणारा तूच, घेणारा तूच, दिगर कोणी नाही. वरवर पाहता ही एकेश्वराची ग्वाही, म्हणजे तौहीद. पण प्रार्थनेत ‘दुसरा कोणी नाही’ म्हणताना दुसरा श्रोताही उरत नाही. हदीसमध्ये, म्हणजे प्रेषितांच्या वचनांत, दिखाऊ भक्तीला ‘लहान शिर्क’ म्हटलं आहे, ते याचसाठी. शिर्क म्हणजे ईश्वरात दुसऱ्याला भागीदार करणं. आणि लोकांच्या वाहवेसाठी पढलेल्या नमाजेत बघणारे लोक असेच भागीदार होऊन बसतात. नामदेवांच्या एका ओळीत सिद्धांत आणि सचोटी दोन्ही एकजीव झाल्या आहेत. तत्त्वज्ञान असं श्वासासारखं सहज आलेलं फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळतं.

तिसऱ्या कडव्यात देव ‘दाना’ आणि ‘बीना’ आहे: जाणणारा आणि पाहणारा. इथे ध्रुवपदातला आंधळा पुन्हा आठवला पाहिजे. आंधळा तो मी, पाहणारा तो तू. जिब्रील या देवदूताच्या प्रसिद्ध हदीसमध्ये ‘एहसान’ म्हणजे काय ते सांगताना प्रेषित म्हणतात की ईश्वराला पाहत असल्यासारखी त्याची भक्ती करावी, आणि तो दिसत नसला तरी तो आपल्याला पाहतो आहे हे जाणावं. त्या वचनाच्या दुसऱ्या भागाची सगळी आर्तता नामदेवांनी एका आंधळ्याच्या तोंडी घातली आहे. विशेष म्हणजे पदभर आपण प्रामाणिक असल्याचं कवी कुठेही म्हणत नाही. कुराणातल्या 112व्या सूरेचं नाव ‘अल्-इख्लास’, पण सूरेच्या चार आयतींत तो शब्द एकदाही नाही. निर्भेळपणाचा उच्चार टाळूनच तो सिद्ध होतो, ही जाण दोन्हीकडे आहे.

आणि मग नाममुद्रा. तिच्यात ‘नामे’ला लागलेला ‘चे’ हा मराठी प्रत्यय, मग क्षमाशील या अर्थाचं फारसी विशेषण, आणि अखेरीस ‘हरी’. फारसी-अरबी नावांनी भरलेल्या या पदात नरसीचा माणूस आपली बोली लपवत नाही आणि आपला हरीही लपवत नाही. अल्लाहला हाक मारून झाल्यावर हरी म्हणताना त्याचा सूर जराही अडखळत नाही. कुणाची मर्जी राखण्यासाठी लिहिलं असतं तर या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट गाळावी लागली असती. तीन भाषांचा सांधा असा बेमालूम जुळवणं म्हणजे अस्सल कारागिरी.

ही प्रार्थना ज्या दंभातून वाट काढते, त्या दंभाचं चित्र नामदेवांच्याच आसा रागातल्या पदात आहे. साप कात टाकतो, विष टाकत नाही. बगळा पाण्यात ध्यान लावून उभा राहतो. पहिल्या प्रतिमेत बाहेरचा बदल फसवा, दुसऱ्या प्रतिमेत बाहेरची शांतता फसवी. कुराणाच्या 63व्या सूरेत, ‘अल्-मुनाफिकून’मध्ये, दांभिकांना टेकवून ठेवलेल्या लाकडांची उपमा आहे: दिसायला भरदार, बोलणं ऐकत राहावंसं, पण स्वतःच्या बळावर उभं राहणं नाही. हदीसमध्ये मुनाफिकाच्या, म्हणजे दांभिकाच्या, तीन खुणा सांगितल्या आहेत: बोलतो तेव्हा खोटं बोलतो, वचन देतो ते मोडतो, विश्वासानं सोपवलेली ठेव हडपतो. तिन्ही खुणा व्यवहारातल्या आहेत. उपासनेतली एकही नाही. बगळ्याचं ध्यानही मासोळी जवळ येईपर्यंतच खरं दिसतं. पारख नेमकी कुठे होते, हे नामदेवांनी न सांगता चितारलं आहे.

आसातल्या पदाचा शेवट मात्र कठोर नाही. शेवटच्या ओळीत कवी त्या कपटी माणसालाच रामरसायन प्यायला बोलावतो. कुराणाच्या चौथ्या सूरेतही दांभिकांसाठी आगीचा सर्वांत खालचा थर सांगितल्यावर लगेच पुढच्या आयतीत वाट मोकळी ठेवली आहे: जे पश्चात्ताप करतील, सुधारतील आणि आपला धर्म निखळ ईश्वरासाठी ठेवतील, त्यांची गणना श्रद्धावंतांत होईल. ढोंगावर आसूड ओढणारे कवी पुष्कळ झाले. ढोंग्याला पंगतीत जागा ठेवणारे थोडे, आणि त्या थोड्यांत नरसीच्या या शिंप्याचं स्थान फार वरचं आहे.