चित्र झाकून पाहा

मुलांच्या कुठल्याही मासिकातलं कृतींचं जोडपान उघडावं. डावीकडे ‘सहा फरक शोधा’, उजवीकडे भूलभुलैया, खाली ठिपके जोडून पुरं करायचं बदक आणि कोपऱ्यात उलटी छापलेली उत्तरं. अंक हातात आला की मुलं आधी हेच पान उघडतात. संपादकीय टेबलावर मात्र त्याची पाळी बहुतेक वेळा शेवटी येते. कथा, कविता, विज्ञानलेख लागले, जाहिराती बसल्या, आणि दोन पानं उरली की ‘इथे काहीतरी कोडी टाका’ असं ठरतं. मराठी बालमासिकांतल्या या पानाची आजची अवस्था त्या ‘काहीतरी’मधून आलेली आहे.

असं पान पारखण्यासाठी दोन प्रश्न पुरतात. चित्र हाताने झाकलं तरी कृती करता येते का? येत असेल तर चित्र तिथे नुसतं शोभेला आहे. आणि चित्रातली पात्रं बदलली तर काही बिघडतं का? भूलभुलैया पहिल्या प्रश्नातून पार पडतो, कारण वाट चित्रातच असते. दुसऱ्यापाशी तो अडतो. उंदराच्या जागी रॉकेट आणि चीजच्या जागी चंद्र ठेवला तरी कोडं जसंच्या तसं राहतं. शिवाय मराठी मुलाच्या पानावरचा उंदीर भोकाभोकांच्या पिवळ्या चीजकडेच का धावतो? चित्रं तयार संचातून उचलली जातात आणि तो संच दुसऱ्याच कुणाच्या स्वयंपाकघरातून आलेला असतो, म्हणून.

मराठीत मुलांसाठी नियतकालिकं काढण्याची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांचं ‘बालबोध’ 1881 मध्ये सुरू झालं, वासुदेव गोविंद आपटे यांचं ‘आनंद’ 1906 मध्ये. त्या काळी चित्र छापायचं म्हणजे ठसा बनवणं आलं, आणि ठसा महाग. त्यामुळे मुलांशी खेळायचं ते शब्दांतच खेळलं जाई आणि चित्र कथेच्या डोक्यावर एखादं बसे. पुढे मद्रासहून ‘चांदोबा’ आला. त्यातली चित्रं प्रामुख्याने गोष्टीसाठी होती, पण त्याच अंकात दोन छायाचित्रं देऊन त्यांना एकमेकांशी जुळणारी नावं सुचवायला सांगणारी स्पर्धा असे. ही कल्पना फार चांगली होती. फोटो झाकले तर काहीच उरत नाही आणि बदलले तर उत्तरही बदलतं. वाचकाला दोन्ही चित्रं नीट न्याहाळून त्यांच्यात नातं शोधावं लागे. छापायला साधी, करायला अवघड आणि घरातल्या मोठ्यांनाही गुंतवणारी अशी कृती आजच्या गुळगुळीत कागदावर क्वचितच सापडते.

1971 मध्ये बालभारतीचं ‘किशोर’ निघालं. वसंत शिरवाडकरांच्या संपादनाखाली मराठी मुलांना चांगल्या चित्रकारांची रंगीत चित्रं नियमितपणे, परवडणाऱ्या किमतीत मिळू लागली. ‘किशोर’चे जुने अंक आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ही पानं आखणाऱ्या प्रत्येकाने ते चाळायला हवेत.

पण या कलेतला मराठीतला सर्वांत मोठा धडा मासिकांच्या बाहेर, गणिताच्या पाठ्यपुस्तकात गिरवला गेला. शि. द. फडणीस यांचा जन्म 1925 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी झाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या व्यंगचित्रकाराने शब्दांवाचून हसवणाऱ्या चित्रांनी मराठी मासिकांची मुखपृष्ठं गाजवली. ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावरचं त्यांचं एक चित्र आजही लोकांना आठवतं: शेजारी उभ्या असलेल्या तरुणीच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आणि तरुणाच्या सदऱ्यावर उंदरांची. खाली ओळ नाही. पाहणाऱ्याने दोन्ही नक्षी एकत्र वाचल्या की विनोद कळतो. पाहायचं, जोडायचं, उलगडायचं हीच तर लहान मुलाच्या कोड्याची रीत.

फडणीसांनी बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली तेव्हा हीच रीत तिथे नेली. कमी-जास्त, लहान-मोठं, जवळ-दूर या कल्पना व्याख्येने शिकवता येत नाहीत, दाखवाव्या लागतात. त्यांच्या चित्रांत त्या प्रसंग होऊन येतात. माणसं आणि प्राणी काहीतरी करत असतात, आणि मूल ते का करत आहेत हे बघता बघता मोजायला लागतं. इथे चित्र हाच प्रश्न असतो. गणिताच्या पुस्तकासाठी व्यंगचित्रकाराला बोलावणाऱ्या मंडळींनाही याचं श्रेय द्यायला हवं.

पुढच्या पिढीत हे काम माधुरी पुरंदरे यांनी सर्वांत निष्ठेने केलं. लिहिणं आणि चित्र काढणं एकाच हातात असण्याचा फायदा त्यांच्या पुस्तकांत पानोपानी दिसतो. ‘वाचू आनंदे’मध्ये उताऱ्यांच्या सोबतीने चित्रकलेचे नमुने येतात, ‘लिहावे नेटके’मध्ये भाषेचे खेळ. ‘चित्रवाचन’मध्ये तर तपशिलांनी भरलेली मोठी दृश्यं मुलापुढे ठेवून त्यावर बोलायला लावलेलं आहे. घरातली माणसं कुठे बसली आहेत, कोण कुणाकडे बघतंय, दाराशी चपला किती, हे सगळं बोलण्याचं साहित्य. त्यांच्या चित्रांतली घरं ओळखीची वाटतात, कारण ती पाहून काढलेली आहेत. त्या चित्रातली आजी उचलून तिथे दुसऱ्या कुणाची तरी आजी बसवता येणार नाही.

अशा गजबजलेल्या दृश्याला जगभर मोठी परंपरा आहे. जर्मनीत अली मिटगुच यांनी 1968 मध्ये शहराच्या गर्दीचं बिनशब्दांचं पुस्तक काढलं आणि त्या प्रकाराला तिथे घरोघर स्थान मिळालं. 1987 मध्ये मार्टिन हँडफर्ड यांचा, गर्दीतून शोधून काढायचा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा वॉली आला. अमेरिकेतल्या ‘हायलाइट्स’ या मासिकाने 1946 पासून लपलेल्या वस्तू शोधण्याचं पान अखंड चालवलं आहे. या सगळ्यांत शोधायची वस्तू हे निमित्त असतं. शोधता शोधता मूल शेकडो इतर गोष्टी पाहतं, आणि ती पाहण्याजोगी असतील तर वस्तू सापडल्यावरही पान मिटत नाही. आपल्याकडच्या नकलांमध्ये नेमकं हेच हरवतं. दहा वस्तू लपवल्या जातात, पण ज्या बाजारात त्या लपवल्या त्या बाजारात बघण्यासारखं काही घडत नसतं.

भोपाळच्या एकलव्य संस्थेच्या ‘चकमक’ने 1985 पासून हिंदीत वेगळी वाट धरली. त्याच्या चित्रपहेलीत शब्दकोड्याचे संकेत चित्रांतून दिलेले असतात. करून पाहायच्या कृतींमध्ये अरविंद गुप्ता यांची पुस्तकं आजही मापदंड आहेत. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी असंख्य मुलांपर्यंत गेली. कागदावर त्यांचं यश मोठ्या प्रमाणात अविनाश देशपांडे यांच्या रेखाटनांचं आहे. प्रत्येक पायरीला एक चित्र, चित्रात नेमकी तेवढीच रेषा, आणि बोटं कुठे धरायची ते दिसतं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचा सांधा कसा करायचा, हे शब्दांत सांगायला परिच्छेद लागेल. चित्रात ते एका नजरेत कळतं.

कल्पना चांगली असूनही पान फसतं ते पुष्कळदा छपाईच्या टेबलावर. मधे पिना मारलेल्या अंकात अगदी मधली दोन पानंच एका सलग कागदावर असतात. बाकीची जोडपानं बांधणीत शेजारी येतात, त्यामुळे चित्राची रेष मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकू शकते. नदीचं चित्र ते निभावून नेतं, भूलभुलैयाची वाट तिथेच तुटते. जाड दिवाळी अंकांत पाठीला गोंदाची बांधणी असते आणि मधली पट्टी खोलात जाते. ‘फरक शोधा’मधला सहावा फरक नेमका त्या घडीत सापडावा, आणि तो शोधायला मुलाने अंकाची पाठ मोडावी, हे थांबवता येण्याजोगं आहे. कापायची कृती असेल तर पानाच्या मागे काय छापलंय ते पाहायला हवं. मागच्या कथेचा शेवट कात्रीत जाता कामा नये. गुळगुळीत आर्टपेपरवर पेन्सिल उमटत नाही आणि स्केचपेन पसरतं. रंगवायचं पान साध्या मॅपलिथो कागदावर असलेलं बरं.

याहून गंभीर प्रश्न वाचनालयाचा आहे. मुलांचे अंक मोठ्या संख्येने शाळांत जातात आणि एक अंक वर्गभर फिरतो. ठिपके जोडायचं बदक पहिल्या मुलीने पुरं केलं की बाकीच्यांना तयार बदक मिळतं. सरकारी शाळेतल्या मुलासाठी पान आखणाऱ्याने हे गृहीत धरूनच आखायला हवं. डोळ्यांनी सोडवायची दृश्यं, वहीत उतरवून करायची कोडी, बिया किंवा खडे ठेवून खेळायचे पट अशा कृती वापराने संपत नाहीत. ‘चिकूपिकू’सारखं अगदी लहान मुलांचं मासिक घरी, आईबाबांच्या मांडीवर वाचलं जातं, तिथे गणित वेगळं. ‘वयम्’ किंवा ‘छात्र प्रबोधन’च्या कुमार वाचकाचं आणखी वेगळं. एकच साचा तिघांना बसत नाही.

एखाद्या दूरच्या गावावर जोडपान करायची वेळ आली की या सगळ्याची कसोटी लागते. म्हैसूर जिल्ह्यातलं बैलकुप्पे हे तिबेटी निर्वासितांच्या वस्तीचं गाव घ्या. कुर्गच्या सहलीला निघालेली मराठी कुटुंबं कुशालनगरच्या अलीकडे इथे हमखास थांबतात, नामड्रोलिंग मठातल्या सुवर्णमंदिरात साठ फुटी बुद्धमूर्तीपुढे उभी राहतात आणि मोमो खाऊन पुढे जातात. म्हणजे विषय मुलांच्या ओळखीचा होऊ शकतो. साच्यातलं पान कसं दिसेल हे सांगता येतं: रंगवायला मंदिराची बाह्याकृती, ‘भिक्षूला मठापर्यंत पोहोचवा’ आणि घंटांमधले सहा फरक. भिक्षूच्या जागी उंदीर ठेवला तरी चालेल असं पान.

तिबेटी चित्रपरंपरेने मात्र मुलांसाठी तयार सामग्री मांडून ठेवली आहे. तिबेटी भिंतींवर आणि घरांत एक चित्र सतत भेटतं. झाडाखाली हत्ती, त्याच्या पाठीवर माकड, माकडावर ससा आणि सर्वांत वर पक्षी. जातककथेतून आलेले हे चार मित्र आपल्यात वडील कोण हे ठरवू पाहतात. हत्ती म्हणतो, मी लहान असताना हे झाड माझ्याएवढं होतं. माकडाने ते माकडाएवढं पाहिलेलं असतं, सशाने रोपटं असताना. आणि पक्ष्याच्या पोटातून पडलेल्या बीतून तर ते उगवलेलं असतं. गोष्ट छापायच्या आधी फक्त झाडाच्या चार अवस्था आणि चार प्राणी द्यावेत. कुणी झाड कधी पाहिलं असेल? वडील कोण? मग सर्वांत लहान जीव सर्वांत वर का बसलाय? उत्तर चित्रात आहे, आणि पात्रांची अदलाबदल केली की गोष्टच कोसळते. दोन्ही प्रश्नांना पुरून उरणारं असं कोडं नव्याने रचायला महिने लागतील.

दुसरी सामग्री पटाची. आपल्याकडे परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट, ज्याच्या घराण्यातली सापशिडी पुढे इंग्लंडला जाऊन सद्गुण-दुर्गुणांची पाटी बदलून आली. तिबेटी परंपरेतही मुक्तीचा एक पट आहे आणि त्याचं कर्तृत्व तेराव्या शतकातले विद्वान साक्य पंडित यांना दिलं जातं. मोक्षपटात ठरावीक घरांवरच शिडी किंवा साप असतो. तिबेटी पटात प्रत्येक घरातून फाशाच्या दानाप्रमाणे वेगवेगळ्या घरांकडे वाट फुटते, म्हणून प्रत्येक घर थांबून वाचावं लागतं. डाव्या पानावर एक, उजव्या पानावर दुसरा असे दोन छोटे पट शेजारी ठेवले, तर खेळता खेळता मुलांना दोन शेजारी परंपरांची तुलना करता येईल. शाळेचा फिरता अंकही शाबूत राहील, कारण लागतात फक्त चिंचोके आणि फासा.

तिसरी कृती बैलकुप्प्यातल्याच सेरा मठातल्या वादविवादाची. प्रश्न विचारणारा उभा, उत्तर देणारा बसलेला. विचारणारा पाय आपटत पुढे येतो आणि टाळी वाजवून प्रश्न टाकतो. या हालचालीची पाच-सहा चित्रं उलटसुलट क्रमाने दिली की मुलं ती अंगाने करून पाहिल्याशिवाय राहणार नाहीत.

थांग्का, म्हणजे कापडावरचं तिबेटी धर्मचित्र, काढणारा चित्रकार आधी मापाच्या रेषांचं जाळं आखतो आणि त्यात आकृती बसवतो. चौकटींवरून चित्र उतरवणं हे बालमासिकातलं झिजलेलं पान. इथे मात्र ती चित्रकाराची खरी पद्धत आहे. फक्त पूजेतली मूर्ती मुलांच्या खोडरबराखाली देऊ नये, कमळ किंवा ढग द्यावा. यमाने दातांत धरलेलं भवचक्रही दहा वर्षांखालच्यांसाठी घाईचं आहे.

मात्र या गावात मठांखेरीजही पुष्कळ काही आहे. 1960-61 च्या सुमारास निर्वासित तिबेटी इथे आले, म्हैसूर राज्याने दिलेलं जंगल त्यांनी साफ केलं आणि हत्तींशी झगडत मक्याची शेती उभी केली. त्यांची नातवंडं आज इथे शाळेत जातात. पानावर मक्याची शेतं, कानडी पाट्यांचा बाजार, ट्रॅक्टर आणि दप्तर घेतलेली मुलगी नसेल, तर मराठी वाचकाला बैलकुप्प्यात फक्त लाल वस्त्रंच दिसतील. तपशिलांनी भरलेलं दृश्य काढायचं तर ते या बाजाराचं काढावं, आणि चित्रकाराने तो आधी स्वतः चालून पाहावा.

त्यासाठी चित्रकाराला वेळ आणि प्रवासखर्च लागतो, आणि कामाच्या सुरुवातीलाच निमंत्रण लागतं. आज बहुतेक ठिकाणी मजकूर पक्का झाल्यावर त्याला चौकट पाठवली जाते. कृतीची कल्पना, चित्र आणि पानाची मांडणी तिघांनी एका टेबलावर बसून ठरवली, साध्या कागदाची डमी करून चार मुलांच्या हातात दिली आणि ती कुठे अडतात ते पाहिलं, तर निम्मे दोष छपाईआधीच निघतील. आणि अनुक्रमणिकेत कथेपुढे जसं लेखकाचं नाव असतं, तसं या जोडपानापुढे ते रचणाऱ्याचं आणि रेखाटणाऱ्याचं नाव प्रत्येक अंकात छापलं जावं.