समूहस्वरातील विरह : ‘विवा फॉरेव्हर’ आणि जात्यावरची ओवी

प्रस्तावना :
दुःख हा व्यक्तिगत अनुभव मानला जातो. म्हणूनच भावगीतात बहुधा एकच स्वर असतो. मग विरहाचे गीत अनेक स्त्रिया मिळून गातात, तेव्हा ते दुःख नेमके कोणाचे? या प्रश्नाच्या अनुषंगाने ‘स्पाइस गर्ल्स’ या ब्रिटिश गायिकासमूहाचे ‘विवा फॉरेव्हर’ हे गीत आणि आपली जात्यावरची ओवी यांचा तौलनिक विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
‘स्पाइसवर्ल्ड’ (१९९७) या संग्रहातील हे गीत जुलै १९९८ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले व ब्रिटनमधील विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. सरलेल्या प्रेमाची आठवण हा त्याचा विषय होय. परंतु तत्पूर्वीच, मे १९९८ मध्ये, जेरी हॅलिवेल समूहातून बाहेर पडल्या होत्या. परिणामी प्रेमाचे हे गीत मैत्रिणीच्या निरोपाचे गीत म्हणूनही ऐकू येऊ लागले. शब्द तेच राहिले. गाणाऱ्यांमधील एक जागा रिकामी झाली आणि अर्थ पालटला. समूहगीताचा आशय केवळ संहितेत नसतो, तो गाणाऱ्यांच्या परस्परसंबंधातही असतो, हे यावरून दिसते.

ओवीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. जात्याशी समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक ओवी उचलते, दुसरी तिला साथ देते. सासुरवास एकीचा असेल, माहेरची ओढ दुसरीची असेल. पण खुंटा दोघींच्या हातात असतो. दळणाचा भार वाटला जातो, तसाच मनाचाही. पॉप गीतात मात्र प्रत्येकीच्या वाट्याचे चरण आधीच ठरतात आणि प्रत्येकीचा स्वर वेगळा ओळखू यावा, ही बाजाराची गरज असते. तेथे दुःख वाटले जाते ते श्रोत्यांत. ओवीत ते गाणाऱ्यांतच वाटले जाते. ओवीला निराळा श्रोता लागत नाही.

पिठाच्या गिरणीने स्त्रियांचे कष्ट कमी केले, हे इष्टच झाले. परंतु सोबतीने दुःख गाण्याचे निमित्तही त्याबरोबर गेले. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. तेथे गाणारीचे नाव व गाव नोंदविलेले असते, हे महत्त्वाचे आहे.

निष्कर्ष :
वर्गात आपण ओवी शिकवितो ती बहुधा छापील, अनामिक आणि एकटी. तिच्याजवळ बसलेली दुसरी बाई पाठ्यपुस्तकात येत नाही. लोकसाहित्याच्या तासाला ध्वनिमुद्रित ओवी ऐकविली आणि गाणारीचे नाव सांगितले, तर विद्यार्थ्यांना केवळ छंद नव्हे, सोबतही कळेल. ‘विवा फॉरेव्हर’च्या ध्वनिमुद्रणात समूह सोडून गेलेल्या गायिकेचा स्वर कायम राहिला, आपल्या ओवीतील दुसरा स्वर मात्र छापताना आपणच वगळला आहे.