वुडहाउसचा रुपया

पी. जी. वुडहाउसविषयी आपल्याकडे बोलताना एक विशेषण हटकून येते : ‘निखळ’. निखळ विनोद म्हणजे वास्तवाशी देणेघेणे नसलेला, कुणाला न बोचणारा, काळाच्या बाहेरचा विनोद. पु. ल. देशपांडे यांचे वुडहाउसप्रेम सर्वश्रुत आहे आणि माझ्या पिढीतले बरेच जण त्या वाटेने वुडहाउसकडे गेले. मीही वर्षानुवर्षे हेच विशेषण वापरत आलो. ते विशेषण मला आता पटत नाही. मात्र ते न पटण्यासाठी मला वुडहाउस चार वेगवेगळ्या वयांत वाचावा लागला.

पहिली भेट १९७५ च्या फेब्रुवारीतली. १४ तारखेला वयाच्या ९३ व्या वर्षी तो वारला, त्याआधी जेमतेम दीड महिना त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली होती. मी अठरा वर्षांचा होतो. गावच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रात ती बातमी वाचली आणि ग्रंथपालांना विचारले, हे कोण? त्यांनी कपाटातून ‘द इनिमिटेबल जीव्हज’ काढून दिले. निम्मे कळले नाही. जे कळले त्यावर मी इतका हसलो की शेजारी ‘केसरी’ वाचणाऱ्या आजोबांनी खूण करून मला बाहेर जायला सांगितले.

त्या वयात मला दिसली ती भाषा. बर्टी वूस्टरला कवितेची ओळ अर्धवट आठवते, तो ती भलत्याच कवीच्या नावावर खपवतो आणि जीव्हज अदबीने दुरुस्त करतो. मूळ ओळी मला ठाऊक नव्हत्या. शेक्सपिअर मी आधी बर्टीच्या चुकांमधून शिकलो आणि पुढे कॉलेजात ‘हॅम्लेट’ लागले तेव्हा भलत्या जागी हसू आले. माझ्या डोक्यात तुलना होती ती चि. वि. जोश्यांच्या चिमणरावांशी. तेही स्वतःची फजिती स्वतःच, ती फजिती आहे याचा पुरता पत्ता नसताना सांगतात. फरक एवढाच वाटला की चिमणरावांच्या मागे संसाराचा खर्च आहे आणि बर्टीच्या मागे कसलाच नाही. पैशाची ददात नसलेल्या माणसांचे जग म्हणजे वुडहाउस, अशी माझी पक्की समजूत झाली. ती चुकीची होती.

दुसरी भेट तेविसाव्या वर्षी. मला इंग्रजी घेऊन एम. ए. करायचे होते. वडील निवृत्त झाले, धाकटी भावंडे शिकत होती आणि बँकेची परीक्षा मी पास झालो होतो. मुंबईच्या एका शाखेत लेजर भरायला लागलो. दिवसाअखेर बेरीज जुळली नाही की साडेआठ-नऊपर्यंत थांबून अडीच रुपयांचा फरक शोधायचा. अशाच एका आठवड्यात फुटपाथवर ‘स्मिथ इन द सिटी’ मिळाले. (या स्मिथच्या नावाआधी एक मुका ‘पी’ आहे. लिहायचा, पण उच्चारायचा नाही. जसे बोलावे तसे लिहिणाऱ्या आपल्या लिपीत त्या विनोदाची सोय नाही.) माइक जॅक्सनच्या वडिलांचे पैसे बुडतात, त्याचे केंब्रिज हुकते आणि त्याला लंडनच्या न्यू एशियाटिक बँकेत चिकटावे लागते. बँकेतल्या पहिल्या दिवसाचे ते प्रकरण मी लोकलमध्ये उभ्याने वाचले. ते विनोदी आहे हे मला दिसत होते, तरी हसू आले नाही. ही १९१० ची कादंबरी वुडहाउसच्या स्वतःच्या अनुभवावर बेतलेली आहे. १९०० साली डलिच कॉलेज ही शाळा संपवून ऑक्सफर्डला जायची स्वप्ने पाहणारा हा मुलगा हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या लंडन कचेरीत लागला आणि १९०२ मध्ये लेखणीच्या भरवशावर बाहेर पडला. मी बाहेर पडलो नाही. सदतीस वर्षे नोकरी केली.

लग्नानंतरची एक गोष्ट इथे सांगायला हवी. माझी पत्नी इंग्रजी पुस्तके वाचत नसे. रात्री जेवणानंतर मी तिला वुडहाउसच्या गोष्टी मराठीत सांगायचो. लॉर्ड एम्सवर्थ आणि त्यांची लठ्ठ डुकरीण तिच्या विशेष आवडीची. एकदा ‘लीव्ह इट टू स्मिथ’ सांगत होतो. जो कीबलला आपल्या सावत्र मुलीला शेत घ्यायला ३,००० पौंड द्यायचे आहेत, म्हणून चक्क बायकोचाच हार चोरायचा बेत रचला जातो. तिने मध्येच विचारले, “अहो, पण या माणसांना पैसे देतं कोण?” घरखर्चाची वही तीच लिहीत असे. मी म्हटले, “अगं, विनोदी गोष्ट आहे, त्यात असलं विचारायचं नसतं.” ती म्हणाली, “बरं, सांगा पुढं.”

चाळिशीत मी वुडहाउस माळ्यावर टाकला. त्याला दोन कारणे होती. दलित आत्मकथने वाचून झाल्यावर सरदार-उमरावांच्या कोठीवरचा गोंधळ हातात धरवेना. दुसरे, बर्लिन. त्याकडे पुढे येतो.

निवृत्तीनंतर घर रंगवायला काढले तेव्हा ती खोकी खाली आली आणि पत्नीचा प्रश्न मला पंचवीस-तीस वर्षांनी खरा प्रश्न म्हणून ऐकू आला. पैसे देतं कोण? मी वही घेऊन बसलो. बँकेतली सवय. प्रत्येक पुस्तकात कुणाला किती रक्कम हवी आहे, ती कुणाच्या ताब्यात आहे आणि ताबा असलेल्याला काय रुचत नाही, असे तीन रकाने पाडले. पाने भरत गेली. बिंगो लिटल काकांच्या तनख्यावर जगतो, म्हणून मनाविरुद्ध प्रेमात पडायची त्याला चोरी. रॉनी फिशचे पैसे लॉर्ड एम्सवर्थच्या विश्वस्तपणाखाली अडकलेले, म्हणून ‘समर लाइटनिंग’मध्ये तो डुकरीण पळवतो. युक्रिज तर जन्मभर भांडवल शोधत हिंडतो. आणि कीबल? तो स्वतः श्रीमंत आहे. अडचण अशी की बँकेतले खाते जॉइंट आहे आणि बायकोच्या नकळत त्यातून रक्कम उचलता येत नाही. जॉइंट खात्यापायी माणसे कशी वागतात हे मी काउंटरच्या आतून पाहिलेले आहे. त्या कथानकात अवास्तव काही नाही.

म्हणजे पैशाची ददात नसलेल्यांचे हे जग नव्हेच. दुसऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्या प्रौढ माणसांचे हे जग आहे. आत्या, मावश्या, काका, विश्वस्त, मालक : ज्याच्या हाती तनखा, त्याची दहशत. बर्टीजवळ स्वतःचे पैसे आहेत खरे, पण ‘जीव्हज टेक्स चार्ज’ या १९१६ च्या कथेत तोही विलोबीकाकांवर अवलंबून आहे. पुढे वुडहाउसने त्याला मोकळे केले, तरी घाबरायची सवय तशीच ठेवली.

ही सवय कुठून आली याचा माग काढताना मी अनपेक्षितपणे रुपयापाशी पोचलो. वुडहाउसचे वडील हाँगकाँगमध्ये न्यायाधीश होते. मुलगा दोन-तीन वर्षांचा असल्यापासून इंग्लंडमध्ये दाया आणि आत्या-मावश्यांकडे वाढला. पंधराव्या वर्षापर्यंत आईवडिलांचा सहवास मोजून काही महिन्यांचा. वडील परतले तेव्हा त्यांचे निवृत्तिवेतन रुपयांत मिळे, आणि रुपयाच्या चढउतारामुळे दोन मुलांना ऑक्सफर्डला पाठवणे जमेना, असे वुडहाउसने स्वतः लिहून ठेवले आहे. चरित्रकार हा तपशील गंमत म्हणून सांगून पुढे जातात. मराठी वाचकाला तसे जाता येऊ नये. चांदीचा भाव कोसळल्यामुळे रुपयाचे काय झाले, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधाचा विषयच आहे. १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९४ च्या सुमारास एक शिलिंग एक पेनीच्या आसपास आला. १८९३ मध्ये खुल्या चांदीला टाकसाळी बंद करण्यात आल्या आणि शतक संपताना भाव एक शिलिंग चार पेन्सांवर स्थिरावला. आंबेडकरांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला १९२३ साली. ‘द इनिमिटेबल जीव्हज’ आणि ‘लीव्ह इट टू स्मिथ’ त्याच वर्षीचे.

तारखा ताडून पाहिल्या तर वुडहाउसची कैफियत जरा सोयीची वाटते. तो १९०० साली शाळेतून बाहेर पडला तेव्हा रुपयाची घसरण थांबलेली होती. ऑक्सफर्ड हुकल्याचे सगळे खापर रुपयावर फोडता येणार नाही. पण तो डलिचला आला १८९४ मध्ये, रुपया तळाला असताना. त्या वयाच्या मुलाच्या कानांवर घरात काय पडत असेल? दूर कुठे तरी, आपल्याला न दिसणारे कोणी तरी, आपल्या घराचे पैसे कमीजास्त करते. पुढच्या सत्तर वर्षांच्या कथानकांचे मूळ यातच आहे असा माझा दावा नाही. पण हा धसका त्याच्या पुस्तकांतून काढून टाकला तर त्यांतली अर्धीअधिक कथानके उभीच राहणार नाहीत, एवढे माझ्या वहीवरून दाखवता येते.

आता बर्लिन. १९४० मध्ये फ्रान्समधल्या ल तुके येथे राहणारा वुडहाउस जर्मनांच्या हाती सापडला. तुरुंग, किल्ला आणि शेवटी अप्पर सायलेशियात टोस्टचे वेड्यांचे इस्पितळ असा स्थानबद्धतेचा प्रवास झाला. जून १९४१ मध्ये, साठीला काही महिने उरले असताना, सुटका झाली आणि त्याने बर्लिन रेडिओवरून अमेरिकेसाठी पाच भाषणे केली. इंग्लंडमध्ये गहजब झाला. बीबीसीवरून त्याला देशद्रोही ठरवण्यात आले. तो पुन्हा मायदेशी गेला नाही. १९५५ मध्ये अमेरिकन नागरिक झाला. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ मध्ये त्याचा बचाव करणारा निबंध लिहिला, त्याचा मथितार्थ असा की हा माणूस देशद्रोही नाही, राजकारणाच्या बाबतीत अजाण आहे. त्या निबंधात आपल्या उपयोगाची एक नोंद आहे. एका तरुण भारतीय राष्ट्रवाद्याशी ऑर्वेलचे बोलणे झाले. त्याच्या मते वुडहाउसने ब्रिटिश उमरावशाहीचे खरे रूप उघडे पाडून चांगलेच काम केले होते. ऑर्वेलला हा गैरसमज वाटतो. मला तो पूर्ण गैरसमज वाटत नाही. घरच्या माणसांना न दिसणारे काही तरी त्या तरुणाला दिसले होते.

भाषणे मी वाचली. त्यांत नाझींची स्तुती नाही. तुरुंगवासाच्या हकिकती आहेत, आणि त्या बर्टीच्याच सुरात सांगितलेल्या आहेत. चाळिशीत मला याच गोष्टीची चीड आली होती. १९३८ च्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’मध्ये काळ्या चड्ड्यांची सेना उभारणाऱ्या रॉडरिक स्पोडची ज्याने फटफजिती केली, त्यानेच तीन वर्षांनी खऱ्या स्पोडांच्या राजधानीत ध्वनिक्षेपकासमोर बसावे? आज मला वाटते की दोन्ही ठिकाणी हत्यार एकच आहे. ज्याच्या हाती आपला तनखा आहे त्याच्यासमोर गंभीर व्हायचे नाही, गमतीत बोलायचे, म्हणजे तो निघून जातो. आत्या जातात, स्पोड जातो. बर्लिनमध्ये हे चालले नाही. तो अजाण होता हे ऑर्वेलचे म्हणणे मला अपुरे वाटते. लहानपणी उपयोगी पडलेले एकच हत्यार त्याने साठाव्या वर्षी चुकीच्या जागी वापरले. मी त्याला माफ केले असे नाही, पण पुस्तके माळ्यावर परत गेली नाहीत.

चौथी भेट सहा वर्षांपूर्वीची. पत्नी आजारी होती. इस्पितळाच्या बाकावर मी ‘समर लाइटनिंग’ घेऊन बसे. दुःखात वुडहाउस आधार देतो असे पुष्कळांनी लिहिले आहे. मला दिला नाही. वाक्ये नुसती खडखडत होती. ती गेल्यावर वर्षभर मी ते पुस्तक उघडले नाही. नंतर कळले की १९४४ मध्ये त्याची लाडकी सावत्र मुलगी लिओनोरा एका साध्या शस्त्रक्रियेत गेली आणि ही बातमी त्याला पॅरिसमध्ये समजली. पुढच्या कादंबऱ्यांत तिची सावलीही नाही. हे मला आधी थंडपणाचे वाटले असते.

मग हाती लागली ती एक कथा. ‘लॉर्ड एम्सवर्थ अँड द गर्ल फ्रेंड’, १९२८ ची. विशीत ती किरकोळ म्हणून मी पाने उलटली होती. कोठीच्या आवारात जत्रा आहे. म्हाताऱ्या उमरावाला बहिणीच्या, कॉन्स्टन्सच्या, धाकाने उंच टोपी आणि ताठ कॉलर घालावी लागली आहे. लंडनहून आलेली ग्लॅडिस नावाची एक गरीब पोरगी चोरीच्या आळाने शेडमध्ये कोंडलेली त्यांना सापडते. भावाला चहापानाला मनाई झाली म्हणून स्वतःच्या वाट्याचे खाणे तिने त्याच्यासाठी लपवलेले असते. एम्सवर्थ तिला भावासाठी टोपलीभर खाणे देववतात. मग ती फुले मागते. इथे त्यांचा धीर सुटतो, कारण बागेचा खरा धनी हेडमाळी मॅकॲलिस्टर. याच माळ्याला ‘द कस्टडी ऑफ द पंपकिन’मध्ये त्यांनी काढून टाकले होते आणि भोपळ्यापायी दुप्पट पगारावर परत आणले होते. जमीन यांची, पगार देणारे हे, आणि घाबरणारेही हेच. माळी गर्जत धावत येतो. त्या पोरीचा हात घाबरून म्हाताऱ्याच्या हातात शिरतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा तो भिडस्त उमराव जागेवरून हलत नाही.

एवढेच घडते. उपमांची आतषबाजी या पानांवर जवळजवळ थांबलेली आहे. माझ्या वहीच्या तीन रकान्यांत ही कथा बसत नाही, कारण यात मागणारीकडे देण्यासारखे काहीच नाही आणि देणारा आधी स्वतःच कुणाच्या तरी धाकात आहे. पत्नीला मी ही कथा कधीच सांगितली नव्हती. सांगितली असती तर तिने बहुधा भावाच्या टोपलीत काय काय होते ते विचारले असते.

ग्लॅडिसला फुले मिळतात. माळी नरमतो. कॉन्स्टन्सलाही त्या दिवशी चार शब्द ऐकावे लागतात. वर्षभराने आलेल्या ‘समर लाइटनिंग’मध्ये लॉर्ड एम्सवर्थ बहिणीची चाहूल लागली की पुन्हा डुकरिणीच्या गोठ्याकडे सटकताना दिसतात.