‘समुचित’ या विशेषणाचा भार

शासकीय आज्ञापत्रे हा समीक्षेचा विषय होऊ शकत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. परंतु ज्या वाक्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, त्याचा शब्दशः विचार करणे हे भाषेच्या अभ्यासकाचेही काम होय. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्वायत्त शस्त्रांविषयी २०१२ मध्ये काढलेले व जानेवारी २०२३ मध्ये सुधारलेले ३०००.०९ क्रमांकाचे आज्ञापत्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

बलप्रयोग करताना सेनाधिकाऱ्यांस व यंत्रचालकांस मानवी निर्णयशक्ती ‘समुचित’ प्रमाणात वापरता यावी अशी शस्त्रांची रचना असावी, हे त्यातील मध्यवर्ती विधान. समुचित म्हणजे किती, याची व्याख्या मात्र त्यात नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरासाठी याच खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये जी पाच नैतिक तत्त्वे स्वीकारली, त्यांतही हे विशेषण पुन्हा भेटते. ही संदिग्धता हेतुपुरस्सर राखली आहे, असे समर्थन करता येईल. आणि ते अगदीच निराधार नाही. नौकेवर चालून येणारे क्षेपणास्त्र पाडणे आणि वस्तीतील माणूस टिपणे, यांस एकच माप कसे लावावयाचे?

तथापि खरी अडचण निराळी आहे. मानवी निर्णय हे जणू स्वयंसिद्ध कवच आहे, असे या आज्ञापत्राचे समर्थक व टीकाकार पुष्कळदा धरून चालतात. इतिहासाची साक्ष तशी नाही. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकन युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले व २९० माणसे मृत्युमुखी पडली. विमान वर चढत असल्याची नोंद नौकेवरील एजिस यंत्रणा बिनचूक करीत होती; ते खाली येत असल्याचे सांगितले ते माणसांनी. उलट मार्च २००३ मध्ये, इराक युद्धात, पॅट्रियट यंत्रणेने ब्रिटिशांच्या टॉर्नेडो विमानास शत्रूचे क्षेपणास्त्र ठरविले, आणि यंत्रावर विसंबण्याची शिकवण मिळालेल्या सैनिकांनी ते खरे मानले. विमानातील दोघेही ठार झाले. माणूस दोन्ही ठिकाणी हजर होता. एकीकडे त्याने यंत्राचे ऐकले नाही, दुसरीकडे ऐकले.

म्हणूनच आज्ञापत्रातील कमी गाजलेली कलमे प्रस्तुत लेखकास अधिक मोलाची वाटतात. यंत्राची स्थिती चालकास सुबोधपणे कळावी, यंत्राच्या मर्यादांचे त्यास शिक्षण मिळावे, काही प्रकारच्या शस्त्रांस विकासापूर्वी व पुन्हा वापरापूर्वी वरिष्ठांची संमती असावी, असे ती सांगतात. पडद्यासमोरील सैनिकाच्या वाट्यास येणाऱ्या काही क्षणांच्या कितीतरी अगोदर, येथेच, नेतृत्वाची नीती पणास लागते. परंतु संमती कोणत्या पदाधिकाऱ्यांनी द्यावी हे नेमकेपणाने नोंदविणारे हे पत्रक, अनर्थ घडल्यास त्यांस जाब कोणी व कसा विचारावा, याची वाट आखून देत नाही. ‘व्हिन्सेन्स’च्या कप्तानास त्या नौकेवरील सेवेबद्दल १९९० मध्ये ‘लीजन ऑफ मेरिट’ हे पदक देण्यात आले होते.