पदवीच्या राज्यशास्त्राचा कस

बारावीचे निकाल लागले की आमच्या धर्मग्रामांतून एक प्रश्न हमखास कानी येतो: राज्यशास्त्र घेऊन बी. ए. करायचे तर महाविद्यालय कोणते चांगले? उत्तर बहुधा इमारत, निकालाची टक्केवारी आणि ‘नॅक’ची श्रेणी पाहून दिले जाते. १९९४ साली स्थापन झालेल्या या परिषदेचे मूल्यांकन संपूर्ण महाविद्यालयाचे असते. त्यातील राज्यशास्त्र विभाग कसा शिकवतो, हे त्यावरून कळत नाही. निकालाच्या टक्केवारीविषयी तर न बोललेलेच बरे. अपेक्षित प्रश्नसंच आणि झेरॉक्सच्या टिपा हाताशी असल्या की ती कोठेही वाढते.

आमच्या मते कस लावायचा तो वाचनावर. केशवानंद भारती खटला घ्या. संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, असे १९७३ च्या त्या निकालाने ठरवले, हे वाक्य उत्तरपत्रिकेत हटकून सापडते. परंतु तेरा न्यायमूर्तींपैकी सात एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला का गेले, असे विचारताच विद्यार्थी गप्प होतो. निर्णय पाठ आहे, वाद ठाऊक नाही. आणि राज्यशास्त्राचा जीव तर वादातच असतो.

पंचायत राज्याचा धडा पाहा. बलवंतराय मेहता समिती, त्रिस्तरीय रचना, २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेली ७३ वी घटनादुरुस्ती, तिची वैशिष्ट्ये: एवढ्यावर बहुतेक वर्ग आटोपतो. चांगला प्राध्यापक त्याआधी ४ नोव्हेंबर १९४८ चे डॉ. आंबेडकरांचे घटना समितीतील भाषण मुलांच्या हाती देईल. संविधानाचा घटक खेडे नसून व्यक्ती आहे, हे सांगताना त्यांनी खेड्याच्या गौरवावर कठोर प्रहार केला. अनेक सभासद दुखावले. त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीची दुरुस्ती पुढे आली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली. तेच आजचे चाळिसावे कलम. हे वाचलेला विद्यार्थी ग्रामसभेत बसेल तो निराळ्या नजरेने.

आम्हा वसईकरांना तर हा वाद अंगणातला आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली आणि आपली गावे तिच्यातून वगळावीत म्हणून लोक रस्त्यावर उतरले. गाव राखणे म्हणजे स्वायत्तता राखणे की जुन्या हितसंबंधांना कवटाळणे? ज्या विभागात हा प्रश्न मोकळेपणी विचारला जातो आणि दोन्ही बाजूंनी निबंध लिहून घेतले जातात, तो विभाग चांगला, मग त्याच्या छपराची कौले फुटकी का असेनात.

दोष सारा प्राध्यापकांचा नाही. तासिका तत्त्वावर नेमलेला शिक्षक दोन-तीन ठिकाणी धावतो. शंभर निबंध तो केव्हा तपासणार? शिवाय न्यायालयांची निकालपत्रे बव्हंशी इंग्रजीत असतात. मराठीतून शिकलेल्या मुलाला ती कोणीतरी शेजारी बसून, परिच्छेदा-परिच्छेदाने उलगडून द्यावी लागतात. हे काम वेळापत्रकात कोठेच दिसत नाही.

म्हणून प्रवेशाच्या दिवसांत पालकांनी विभागात जाऊन मागील वर्षाचा एखादा तपासलेला निबंध पाहायला मागावा. समासात शिक्षकाचे चार शब्द आहेत की नुसताच गुणांचा आकडा, एवढे पाहावे. आणि ग्रंथालयात जाऊन घटना समितीच्या चर्चांचे खंड शेवटचे केव्हा कोणी नेले होते, तेही विचारावे.