संशयाचे भूत

‘द सिम्प्सन्स’ या अमेरिकन व्यंगचित्रमालिकेने २५ ऑक्टोबर १९९० रोजी, सकल संतांच्या सणापूर्वी येणाऱ्या हॅलोवीननिमित्त, तीन भयकथांचा पहिला विशेष भाग सादर केला. झपाटलेल्या घराची पहिली आणि पो यांच्या ‘द रेव्हन’वरील तिसरी कथा रंजक आहे, दुसरी मात्र अंतर्मुख करते. परग्रहवासी सिम्प्सन कुटुंबाला यानात नेऊन पंचपक्वान्ने वाढतात. धुळीने झाकलेल्या पाकपुस्तकाच्या शीर्षकावरून, हे आपल्यालाच शिजवणार, असा लिसाचा ग्रह होतो. धूळ झटकल्यावर सत्य कळते. पण दुखावलेले यजमान त्यांना परत धाडतात. पन्हाळ्याच्या धुक्यात झुडूपही माणूस भासते. येथे आतिथ्यच कपट भासते. संशयाची किंमत हसतखेळत दाखवणारी ही कथा पालकांनी मुलांसमवेत अवश्य पाहावी.